फलाटावरील करंज कलाकृती जाहला त्याची हकीकत

श्रीरुळेश्वर समर्थ. त्याचे कृपेने गाड्या येतात, आणि न आल्यास तीही त्याचीच कृपा. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी राज्याचे जुने अग्निरथस्थानक शोभिवंत करावे ऐसे हुजुरांचे मनात आले, ते वर्तमान येणेप्रमाणे.

हुजुरांची स्वारी परमुलखी जाऊन आली, तेथे स्थानकात झाडांचे आकाराचे खांब पाहून परम संतोष पावली, आणि परतताच आज्ञा जाहली की, आपल्या शंभर वर्षांच्या दगडी स्थानकासही निसर्गाचा स्पर्श व्हावा. मग कारभारी त्र्यंबकराव सुखात्मे जातीने आले, आणि संगे नामांकित शिल्पकार मणेरीकर यांस आणिले, आणि उभयतांनी मसलत केली की, सिमेंटचे बारा वृक्ष उभारावे, त्यांस पत्र्याची पाने लावावी, भिंतीवर मोर रंगवावे, आणि निसर्गास अडचण नको म्हणून फलाटावरील करंजाचे झाड तोडावे.

हे ऐकून सटवाजी सांधेवाले पुढे जाहले. गाड्यांचे रूळ बदलून देणारे हे तीस वर्षांचे जुने चाकर. करंज त्यांची बायको भागूबाई हिने लाविला होता, आणि त्याचे सावलीत बसून ती उन्हाळाभर उतारूंस पाणी पाजीत असे, आणि ती गेली तेव्हापासून सटवाजी दुपारची भाकर तेथेच खात. दुसरे जिवाभावाचे त्यांस कोणी उरले नव्हते. मग त्यांनी हात जोडिले, "रावसाहेब, खरं झाड हाय की हितं. त्येच ऱ्हाऊ द्या, एक खांब कमी करा."

रावसाहेब हसून बोलिले, "हे झाड यादीत आहे काय?"

"यादीत कसं आसंल? ते मातीत हाय."

"मग झाले तर. उद्घाटनाचे आदले दिवशी तोडणारे येतील."

त्या राज्याचा कारभार ऐसा चोख की, जिला पितळी पट्टी आणि आकडा, तीच वस्तू. बाकी सर्व अडगळ. आणि कचेरीची रीत ही की, बारा पट्ट्या पाहिजेत तर तेरा कराव्या, एखादी खराब निघेल म्हणून. या खेपेस राज्याचे दुर्दैवाने एकही खराब निघाली नाही. 'कलाकृती क्रमांक तेरा, हात लावू नये' ऐसी पट्टी सामानाचे खोलीत पडली होती, ती सटवाजींचे नजरेस आली. त्यांनी जन्मात सरकारी खिळा घरी नेला नव्हता. तरी पट्टी उचलिली, आणि भरदुपारी सुतळीने करंजास बांधिली. मग तोडणारे कुऱ्हाडी घेऊन आले, पट्टी वाचिली, आणि कलाकृतीस नमस्कार करून माघारी गेले.

दुसरे दिवशी हुजुरांनी बारा वृक्षांपुढे बारा वेळा मान डोलाविली आणि तेराव्यापुढे थबकले. पान चिमटीत धरून म्हणाले, "वाहवा! पाने हलतात, सावलीही पडते! बाकी बारांत ही सफाई नाही."

"यावर विशेष मेहनत पडली, महाराज," ऐसे म्हणून मणेरीकरांनी लवून मुजरा केला आणि शाल घेतली. सटवाजी मागे झेंडी धरून उभे होते. शालीचे त्यांस काहीच वाटले नाही, डोळे मात्र भरून आले.

मग फाल्गुनात पाने गळो लागली, आणि कचेरीचे खरमरीत पत्र आले की, कलाकृती तेराचा माल निकृष्ट, पाने निखळतात, न सुधारल्यास मोडीत काढू. सटवाजी कचेरीत जाऊन बोलिले, "दुरुस्ती चालू हाय. चैत्रात समदी पानं नवी बसतील."

चैत्रात रावसाहेब पाहणीस आले, कोवळ्या पानांवर बोट फिरविले आणि म्हणाले, "पहिल्यापेक्षा चकाकी चांगली आहे. कोणी बसविली?"

सटवाजींनी वर पाहिले. "आमच्या भागूबाईनं, साहेब."

"मग त्या बाईंकडूनच दर वर्षी करून घेत जा," ऐसे म्हणून रावसाहेबांनी यादीत नोंद केली.

सारांश, राज्यात निसर्ग आला. बारा वृक्षांचे पोपडे निघाले, त्यांस दुरुस्त करणारा कोणी मिळत नाही. यादीत तेराव्यापुढे दुरुस्ती करणारी म्हणून भागूबाईचे नाव कायम आहे.