मावशींचे न नोंदलेले फोन

"पाच मिनिटांचं काम आहे," मी साहेबांना सांगून टाकलं. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या बाईने याहून जास्त वेळ मागणं बरं दिसत नाही!

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फोन करतात आणि ऑपरेटर मावशी त्यांना धीर देतात. ऑफिसातल्या प्रत्येक फोनची नोंद एका वायरीतून मावशींशेजारच्या कॉम्प्युटरमध्ये जाते. म्हणजे, जायला हवी! दिवसातून दहादा पडद्यावर 'संपर्क तुटला' असा संदेश यायचा. नोंदीप्रमाणे मावशी दिवसाला जेमतेम नऊ फोन घेत होत्या.

"नऊ फोनांसाठी माणूस कशाला?" साहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात रेकॉर्ड केलेला आवाज बसवू."

"घाबरला असाल तर एक दाबा, असं म्हणेल का तो?" मावशी हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मी वही उघडली, तक्ता आखला. गंमत म्हणजे मी समोर बसून माऊस फिरवत असले की संपर्क ठणठणीत! पाठ वळली की तुटलाच. पाहुण्यांसमोर शहाणं होणारं कार्टं जणू!

मंगळवारी मी वायर बदलली. बुधवारी पंख्यावर संशय घेतला आणि अकाउंटंटना घामाने भिजवलं. गुरुवारी सगळ्यांचे मोबाइल पत्र्याच्या डब्यात कोंडले. डबा वाजू लागला!

"मॅडम, आता माझ्या बायकोशी तुमच्या डब्यालाच बोलू द्या!" वायरमन ओरडला.

"पडदा काळा झाला की तुटतं बघा," मावशी हळूच म्हणाल्या.

"मावशी, पडद्याचा संबंध नसतो," मी प्रेमाने म्हणाले. "शास्त्र आहे ते."

शुक्रवारी दुपारी पलीकडच्या तीन इमारतींची वीज गेली. मावशींच्या दोन्ही कानांना दोन रिसीव्हर! "आजोबा, खाली बसा बघू. नाही हो ताई, दोरी तुटत नाही. माणूस निघालाय!" तासाभरात चाळीस फोन. मी मध्ये लुडबूड नको म्हणून दारात हाताची घडी घालून उभी होते, साहेबांच्या शेजारी.

पडदा काळा झाला. पाठोपाठ कॉम्प्युटरचा दिवा मालवला. त्याची घरघरही थांबली.

दहा मिनिटं माऊसला हात लागला नाही की हा गडी चक्क झोपत होता! वायरीतून येणारे फोन त्याच्या लेखी कामच नव्हते. मावशी जितक्या कामात, तितक्या नोंदीत रिकाम्या!

"ही झोपेची सोय केली कोणी?" साहेब गरजले.

उत्तर समोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये होतं. गेल्याच महिन्यात ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर असे झोपवल्याबद्दल मिळालेल्या वीजबचत पुरस्काराचा फोटो. साहेबांच्या हस्ते, माझ्या हाती.

मावशींनी एक रिसीव्हर खाली ठेवला, फ्रेमकडे पाहिलं. "फोटो मात्र छान आलाय हो," त्या म्हणाल्या.

मी त्या कॉम्प्युटरची झोप कायमची उडवली. सोमवारी संध्याकाळी साहेबांनी पहिली संपूर्ण नोंद सर्वांसमोर वाचली. मावशी : एकशे त्रेसष्ट फोन. रेकॉर्ड केलेला आवाज रद्द! टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या.

"आणि दिवसातला सर्वात लांब फोन," साहेब पुढे वाचू लागले, "एक्स्टेन्शन बारा. एकोणचाळीस मिनिटं."

बारा नंबर माझा. मी आईला सांगत होते, की काम तसं पाच मिनिटांचंच होतं.