न्जायला काढायचं कसं?

सोमवारी सकाळी बास्केटबॉल क्लबचे अध्यक्ष मग्गेत जोप यांनी डॅरेल या अमेरिकन खेळाडूला काढून टाकलं आणि ऑफिसातले सगळे पोट धरून हसले.

"उद्यापासून येऊ नकोस," जोप म्हणाले.

डॅरेलने कॅप्टन उसेनूकडे पाहिलं. उसेनूने हळूच डोळा मिचकावला. तेव्हा डॅरेल, त्याला आमच्या वोलोफ भाषेत येणारं एकुलतं एक वाक्य म्हणाला, "जोप, तुला भात जास्त झालाय."

शिपाई तर खुर्चीवरून खालीच घसरला.

दोष डॅरेलचा नव्हता. तो इथे सेनेगलमध्ये, थिएसला आला तेव्हा घरमालकीण याये सोखना न्जाय हिने पहिल्याच दिवशी त्याला आपलं आडनाव देऊन टाकलं, आणि नाव दिलं आपल्या वारलेल्या भावाचं, बिराम. परक्या माणसाला बिनआडनावाचं ठेवणं आमच्याकडे वाईट दिसतं. पण न्जाय झाला म्हणजे तो गावातल्या यच्चयावत जोपांचा थट्टेतला भाऊ झाला. जोपने न्जायला काहीही बोलावं, न्जायने जोपला खादाड म्हणावं, आणि जो चिडला तो हरला. या थट्टेपुढे मेहुणा-मेहुणीची थट्टा म्हणजे काहीच नाही. तेव्हा जोप न्जायला "चालता हो" म्हणाला, तर त्याचा अर्थ एवढाच की आज साहेबांची तब्येत खुशीत आहे.

जोपसाहेबांची तब्येत मुळीच खुशीत नव्हती. शनिवारी या सहा फूट नऊ इंची माणसाने समोर कुणी अडवायला नसताना सात वेळा चेंडू टाकला आणि सातही वेळा तो कडीला लागून परत आला. वय तेहतीस, गुडघे दाराच्या बिजागरीसारखे वाजणारे. गेल्या नऊ वर्षांत आठ देशांत खेळलेला. फिनलंड, कोसोवो, उरुग्वे, कुठेही जा, पावाला तिथे काय म्हणतात हे त्याला कळेपर्यंत क्लब त्याला विमानात बसवायचा. म्हणून त्याची मोठी निळी बॅग कॉटखाली भरलेलीच असायची. त्याला जन्मात एकदा, कुठेतरी, पूर्ण हंगाम काढायचा होता.

मंगळवारी डॅरेल सरावाला हजर! जोपसाहेबांनी मग शिक्का मारून पत्र दिलं. उसेनूने ते यायेच्या अंगणात चहा उकळताना मोठ्याने वाचलं. 'आपल्या सेवेची आवश्यकता नाही' या वाक्याला शेजारणी टाळ्या देऊन हसल्या. पत्र तीनदा वाचून घेतलं. बेकरीवाल्याने त्याची नक्कल भिंतीला चिकटवली.

"साहेब, काय झकास लिहिता हो!" रस्त्यात लोक म्हणू लागले.

जोप तडक यायेकडे गेले. "ताई, त्या पोराचं आडनाव परत घे. फक्त आठवडाभर."

"नाव म्हणजे काय शेजारणीला दिलेलं पातेलं आहे, परत मागायला?" याये म्हणाली. "बिराम जाऊन चार वर्षं झाली. घरात कुणीतरी त्या नावाला ओ देतंय. बस, जेवून जा."

मासळीभाताचा वास असा होता की जोप बसले. तेवढं मात्र त्यांनी करायला नको होतं. न्जायच्या घरी जोप भात खातोय म्हटल्यावर निम्मी गल्ली दारात उभी राहून घास मोजू लागली. सव्विसाव्याला त्यांना ठसका लागला.

शेवटी त्यांनी उसेनूला गाठलं. "तुझं आडनाव सार. तुमची-न्जायांची थट्टा नाही. तू सांग त्याला."

"मी सांगितलं तर ते खरं होईल ना, साहेब!" उसेनू घाबरला. "मग शुक्रवारी आम्हा पोरांना याये जेवायला घालेल का?"

असे दोन महिने गेले. डॅरेलचा खेळ सुधारला असं नाही, पण अध्यक्ष त्याला आज काय म्हणून हाकलतात ते ऐकायला माणसं येऊ लागली, मैदान भरू लागलं आणि गर्दी पाहून बाकीची पोरं जीव तोडून खेळू लागली. संघ तिसऱ्या नंबरावर आला. जोपसाहेबांना आता आरडाओरडा केल्याशिवाय जेवण जात नसे.

आणि एका बुधवारी डॅरेलला एजंटाचा फोन आला. बहारीनचा क्लब, तिप्पट पगार, शुक्रवारचं विमान. हंगामाच्या मध्यावर त्याला कुणी हाकलण्याऐवजी बोलावत होतं, हे नऊ वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. तो ऑफिसात गेला.

"जोप, मी जातोय."

जोप डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "ऐका रे! फुकटचा भात सोडून न्जाय निघाला!"

"खरंच जातोय." त्याने फोनवरचं तिकीट समोर धरलं.

जोपांचं हसू थांबलं. त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "आणि रविवारची मॅच? यायेला काय सांगू मी? लाज नाही वाटत?"

"जोप," डॅरेल हळूच म्हणाला, "तू चिडलास."

ऑफिसात कुणीच हसलं नाही. डॅरेललाही बरं वाटलं नाही. तो मैदानावर जाऊन आपले बूट घेऊन, रेंगाळत संध्याकाळी घरी आला.

कॉटखालची निळी बॅग अंगणात होती. तिच्यात गळ्यापर्यंत कांदे भरले होते. त्याचे कपडे घड्या घालून बिरामच्या कप्प्यात गेले होते.

"जोपने टॅक्सीने पाठवले," याये वर न पाहता म्हणाली. "म्हणाला, त्या खादाडाला कांद्यातलं कोंबडं करून घाल. गोणी फाटकी निघाली, म्हणून तुझी बॅग घेतली. कांदे संपले की घेऊन जा."

गोणी दाराशीच पडली होती. डॅरेलने ती उचलून सगळ्या बाजूंनी पाहिली. नवीकोरी होती, कुठे धागाही उसवला नव्हता. त्याने ती घडी घालून दाराशीच ठेवली. मग खाली बसला, सुरी ओढून घेतली आणि कांदा सोलता सोलता त्याला कुणीही न शिकवलेलं वोलोफ वाक्य बोलला.

"याये, कांदे जोपने पाठवले ना? मग निम्मे वाटेतच खाल्ले असणार त्याने."