तिसरी ‘क’ची मेथी

“लिफ्ट कुणी बसवली?” असं कल्पिता टीचरनी गेल्या वर्षी यज्ञेशला विचारलं होतं आणि तिथेच सुबोध कर्णिकांची वाट लागली होती. प्रकल्पाचं नाव होतं ‘माझे घर’. दुसरीतल्या पोरांनी पुठ्ठ्याचं घर करायचं होतं. यज्ञेशच्या घराला सात मजले होते, गच्चीवर टाकी होती आणि बटण दाबलं की लिफ्ट वरखाली जात होती. “बाबांनी,” यज्ञेश म्हणाला. “मला त्यांनी हातच लावू दिला नाही.” त्यामुळे प्रदर्शनाच्या दिवशी सगळी पोरं आपापल्या टेबलामागे उभी राहिली आणि यज्ञेश रिकाम्या वर्गात एकटाच बदक रंगवत बसला. घरी आल्यावर तो रडलाही नाही, आणि सुबोधला तेच जास्त लागलं होतं.

यंदा यज्ञेश तिसरीत गेला आणि कल्पिता टीचरही त्याच्यामागोमाग तिसरीच्या वर्गावर आल्या. चारकोपच्या या शाळेने ‘करून शिकू या’ नावाचा नवा वसा घेतला होता. पुस्तकातलं शिकवायचा कंटाळा आला की शाळा असले वसे घेतात. प्रत्येक मुलाने ट्रेमध्ये मेथी पेरायची आणि दहाव्या दिवशी ट्रे प्रदर्शनात मांडायचा होता. सूचनापत्रात ‘पालकांनी हात लावायचा नाही’ या वाक्याखाली दोन रेघा होत्या. सुबोधकडून तर टीचरनी वेगळी सही घेतली. यंदाही मोठ्यांचा हात दिसला तर यज्ञेश प्रदर्शनात नसेल, हे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

सुबोधने खरोखरच हात लावला नाही. अडचण अशी की यज्ञेशने फार लावला. पेरलेली मेथी उगवली का, हे तो रोज शाळेतून आला की चमच्याने उकरून बघायचा आणि पुन्हा नीट झोपवून ठेवायचा. सुबोध सोफ्यावर हाताची घडी घालून हे बघत बसायचा. सहाव्या दिवशी निधीच्या आईने, म्हणजे श्वेताने, पालकांच्या ग्रुपवर निधीच्या मेथीचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, “सगळं तिचं तीच करते हं!” त्यावर अठ्ठावीस अंगठे आले. एकोणतिसावा सुबोधने दात-ओठ खात दिला.

आठव्या दिवशी, चमचा जिथे पोचला नव्हता त्या कोपऱ्यात, चार रोपं आली. पिवळी, वाकडी, आजारातून उठल्यासारखी. यज्ञेश ट्रेभोवती नाचला. सुबोधला मात्र ती चार काडं प्रदर्शनाच्या टेबलावर दिसली, शेजारी निधीचं हिरवंगार शेत दिसलं आणि त्याला घाम फुटला. यज्ञेशला तिथे उभं राहता आलं पाहिजे, आणि उभं राहिल्यावर मान खाली जाता कामा नये, एवढंच त्याला हवं होतं. बापाचं मन ते. फक्त ते बाजाराच्या वाटेने चालायला लागलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी पोराला ड्रॉइंग क्लासला सोडून तो पिशवी घेऊन क्लाससमोरच्याच बाजारात गेला. मनोरीच्या प्रेमाबाई तिथे बारीक मेथीच्या जुड्या घेऊन बसतात. वाळूतली मेथी, बोटभर उंचीची, मुळांसकट बांधलेली. त्यांच्या टोपलीत दोनच जुड्या उरल्या होत्या.

“आज कोनी खायाला नेतच नाय, भाऊ,” प्रेमाबाई म्हणाल्या. “समद्यांना मुळं शाबूत पायजेत.”

“काय एकेक पालक असतात,” सुबोध मनापासून म्हणाला, आणि दोन्ही जुड्या उलट्या करून मुळं तपासून घेतल्या.

घरी येऊन त्याने भुवया कोरायच्या चिमट्याने एकेक रोप लावलं. ओळी सरळ याव्यात म्हणून फूटपट्टी धरली. मधे येणारी ती चार काडं उपटून टाकली. विनिता बराच वेळ दारात उभी राहून आपला चिमटा आणि आपला नवरा बघत होती. “आता हिलाही लिफ्ट बसव,” एवढंच बोलून ती आत गेली. यज्ञेश आला तेव्हा सुबोधने खताची महती सांगितली. पोराने ट्रे चारी बाजूंनी पाहिला आणि त्याची चार कुठे आहेत असं विचारलं. ती मधे कुठेतरी असतील, असं सुबोध म्हणाला.

प्रदर्शनात बत्तीस ट्रे होते. बत्तीसही ट्रेंमध्ये मेथी एकाच उंचीची, एकाच हिरव्या रंगाची होती आणि खाली काळ्या मातीवर पांढरी वाळू चमकत होती. एका ट्रेमध्ये तर जुडीचा दोराही राहिला होता. सगळे आईबाप एकमेकांच्या मुलांचं तोंडभरून कौतुक करत होते. शाळेचे विश्वस्त चंद्रप्रकाशजी पहिल्याच टेबलापाशी, म्हणजे यज्ञेशपाशी, थांबले. यज्ञेश ताठ उभा होता. सुबोधचे डोळे भरून आले.

तेवढ्यात कल्पिता टीचरनी वह्या आणल्या. निरीक्षण वह्या. आदल्या दिवशी घरी काय दिसलं ते मुलं रोज पहिल्या तासाला त्यात लिहीत. वह्या वर्गातच राहत, त्यामुळे पालकांना त्यांचा पत्ताच नव्हता. त्यातल्या नोंदी टीचरनीही अजून वाचल्या नव्हत्या. विश्वस्तांनी वाच म्हटल्यावर यज्ञेशने खणखणीत आवाजात वाचलं.

“दिवस आठवा. चार झाडं आली. मी नाचलो. दिवस नववा. बाबा पिशवी घेऊन बाजारात गेले. ते आल्यावर झाडं तीन इंच झाली. माझी चार दिसत नाहीत. निष्कर्ष. मेथी पेरली की नवव्या दिवशी बाबांनी बाजारात जायचं असतं.”

कुणी हसलं नाही. विश्वस्तांनी निधीची वही उघडली. निधीची आई सहाव्याच दिवशी गेली होती, रिक्षाने. आणखी चार वह्या झाल्या. दिवस बदलत होते, बाजार तोच होता. निरीक्षणं इतकी जुळत होती की विज्ञानाला आणखी काय पाहिजे?

“हे बाजारात जाणं उपक्रमातच होतं का?” विश्वस्तांनी विचारलं.

कल्पिता टीचरनी सुबोधकडे पाहिलं. सही आठवली असणार. पण यज्ञेशला हटवायचं तर बत्तीस टेबलं रिकामी करावी लागली असती, तीही विश्वस्तांसमोर.

“हो सर,” त्या म्हणाल्या. “पालकांची क्षेत्रभेट.”

विश्वस्त खूश झाले. पालकांचा इतका सहभाग त्यांनी कुठल्याच शाळेत पाहिला नव्हता. सर्वोत्तम निरीक्षणाचं बक्षीस यज्ञेशला मिळालं आणि टाळ्या सगळ्यात जोरात श्वेताने वाजवल्या.

घरी येताना यज्ञेशने पुन्हा विचारलं, “बाबा, माझी चार कुठेयत?”

सुबोधने खताची गोष्ट तोंडापर्यंत आणली, गिळली. “उपटून टाकली रे मी. कचऱ्यात. चुकलंच माझं.”

 घरी आल्यावर यज्ञेशने बक्षीस मिळालेली निरीक्षण वही दप्तरातून काढून उघडली आणि लिहिलं, ‘दिवस दहावा. बाबा खरं बोलले.’ मागे उभ्या सुबोधने ते वाचलं आणि त्याला बरं वाटलं, अगदी मोकळं. खालची जागा कोरी होती.

“निष्कर्ष पण लिही ना,” तो म्हणाला.

“नाही लिहायचा,” यज्ञेश टोपण लावत म्हणाला. “टीचर म्हणाल्यात, एकदाच दिसलं तर निष्कर्ष काढायचा नसतो.”