कन्सोल, पीसी आणि वाळत चाललेला चिखल

एका जंगलात झाडांवर जितकी पानं होती, त्याहून जास्त प्राण्यांकडे मतं होती. त्या जंगलात एक खवले मांजर राहत असे. खवले मांजर म्हणजे लांब तोंडाचा, अंगभर खवले असलेला, मुंग्या खाणारा एक भित्रा प्राणी. जरा धोका वाटला की ते अंगाची गुंडाळी करतं आणि चेंडू होऊन बसतं.

मुलांनो, हे खवले मांजर फार शिकलेलं होतं. सगळे त्याला खवलेसर म्हणत. सरांनी काळी मुंगी आणि लाल मुंगी यांचा तौलनिक अभ्यास केला होता. तो अभ्यास इतका खोल गेला की दोघींपैकी चांगली कोणती, हे त्यात शेवटपर्यंत आलंच नाही. म्हणून तर त्यांना डॉक्टरेट मिळाली.

सरांना एकच त्रास होता. दोन वस्तू समोर आल्या की त्यांची गुंडाळी होत असे. लग्नाच्या वेळी त्यांच्यापुढे दोन स्थळं होती. सर तुलना करत राहिले. आता ती दोन्ही स्थळं आज्या झाली होती.

सरांचा मित्र एकच. डबक्यातला बेडूक, डरावकर.

पावसाळा सरला. डबकं आटायला लागलं. आता बेडकांची रीत अशी की डबकं आटलं की चिखलात शिरायचं. वरचा चिखल वाळून दार बंद होतं. मग पुढच्या पावसापर्यंत झोप. डरावकर चिखलात बसले होते. अजून फक्त पावलं बुडाली होती.

"सर," डरावकर म्हणाले, "यंदा खाली जायच्या आधी एक इच्छा आहे. तो पडद्यावरचा उड्यांचा खेळ असतो ना? या ओंडक्यावरून त्या ओंडक्यावर? तो तुमच्याबरोबर खेळायचाय."

"पण डरावकर, तुम्ही बेडूक आहात. तुम्हाला खरोखरच्या उड्या मारता येतात."

"यायच्या. आता हे ऐका." डरावकरांनी एक पाय सरळ केला. कट्ट! झाडावरचा पोपट घाबरून उडाला. "आणि सर, आमच्यात काहीजण पुढच्या पावसात वर येतच नाहीत. लोकांना वाटतं, आळशी आहेत."

सरांनी तोंडात घातलेली मुंगी बाहेर काढून खाली ठेवली.

"आणतो," सर म्हणाले. "लगेच आणतो."

"वा! काय आणणार? कन्सोल की पीसी?"

झालं. सर होते तिथेच चेंडू झाले.

ज्यांना हे शब्द माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगायला हवं. कन्सोल म्हणजे खेळांसाठीच केलेला एक बंद खोका. तो टीव्हीला जोडायचा आणि खेळायचं. पीसी म्हणजे एकेक भाग निवडून जोडलेला संगणक. त्यावर खेळताही येतं आणि खेळत नसल्याचं सोंगही करता येतं. आणि जंगलात वीज कुठून आली, असं ज्याला विचारायचं असेल त्याने मागच्या रांगेत जाऊन बसावं.

त्या जंगलात एक चाल होती. नवी वस्तू घ्यायची तर ती ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी आधी चहाला जायचं. त्याने घरात बसून वस्तूचं कौतुक करायचं. पाहुणा निघाला की दारापर्यंत पोचवायला यायचं आणि दारात खरं काय ते सांगायचं. शहाणे प्राणी चहा न पिता थेट दारातच उभे राहत. पण सर शिकलेले होते. त्यांना दोन्ही बाजू ऐकायच्या होत्या.

ते आधी गवेकरांकडे गेले. गवेकर म्हणजे भलामोठा रानगवा. ते टीव्हीसमोर गवतात लोळत होते.

"या सर, या! कन्सोलसारखं सुख नाही. आणला, वायर लावली, बटण दाबलं, खेळ सुरू! डोकं म्हणून लावावं लागत नाही. माझ्याकडेच बघा."

सरांनी बघितलं. म्हणणं पटण्यासारखं होतं.

"आणि किंमत?"

"पीसीच्या निम्मी! घ्या, गवती चहा घ्या."

चहा झाला. सर निघाले. गवेकर दारापर्यंत आले आणि त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"सर, खोका स्वस्त आहे हो. खेळ महाग आहेत. एकेका खेळाला पोतंभर चिंचोके मोजावे लागतात." त्या जंगलात चिंचोकेच चालत. "आपापल्या घरी बसून दुसऱ्याशी खेळायचं तर दरमहा वर्गणी वेगळी. मी दोन वर्षं एकच खेळ खेळतोय. त्यातला शेवटचा राक्षस आता मला नावाने हाक मारतो. म्हणतो, बसा गवेकर, घाई नाही."

"मग हे आत का नाही बोललात?"

"आत कन्सोल होता ना! त्याच्या तोंडावर कसं बोलायचं?"

सर परत डबक्यावर आले. डरावकर पोटापर्यंत चिखलात होते.

"काय ठरलं सर?"

"एक बाजू झाली. आता दुसरी ऐकतो."

"ऐका, ऐका. मी काय, इथेच आहे," डरावकर म्हणाले आणि बोटभर खाली गेले.

पीसी होता खोपेकरांकडे. खोपेकर म्हणजे सुगरण पक्षी. काडीकाडीने खोपा विणणारा. सर धापा टाकत झाडावर चढले. खोप्याच्या मध्यभागी पीसी होता आणि त्याला चिखलाने काजवे चिकटवलेले होते. हिरवे, निळे, जांभळे.

"तयार वस्तू कोण घेतं सर?" खोपेकर म्हणाले. "आपण भाग शोधावा, आपण जोडावा. त्यात जो आनंद आहे! आणि खेळ म्हणाल तर स्वस्त. सेल लागला की मातीमोल. मी दोनशे घेतले."

"त्यातले खेळलात किती?"

"सेल तर संपू द्या! शिवाय पीसीवर कामही होतं. तुम्ही संशोधन कराल."

"तुम्ही कोणतं काम करता?"

"मी पीसी सुधारतो."

"बरं, आणि हे काजवे कशासाठी?"

"वेग वाढतो."

"तो कसा?"

"हे बघा, तुम्हा शिकलेल्यांचं हेच वाईट. चहा घ्या."

चहा झाला. खोपेकर फांदीच्या टोकापर्यंत सोडायला आले.

"सर, कुणाला बोलू नका. ग्राफिक्स कार्ड घेतलं तेव्हा खोप्याचं अर्धं छप्पर विकलं. कार्ड आणलं तर पीसीचा डबा लहान पडला. मोठा डबा आणला तर वीज पुरेना. विजेची सोय केली तर म्हणे कार्ड जुनं झालं. एक सुगरण लग्नासाठी खोपा पाहायला आली होती. म्हणाली, वर छप्पर नाही आणि खाली दिवाळी. गेली ती गेलीच."

"म्हणजे पीसी घेऊ नको म्हणता?"

"छे! घ्याच. मी एकट्यानेच का घ्यायचा?"

सर झाडावरून उतरले. दोघांना विचारलं होतं आणि मतं चार झाली होती. टेकाडावर बसून त्यांनी विचार सुरू केला. पहिल्या वर्षी कन्सोल स्वस्त. पाच वर्षांचा विचार केला तर कदाचित पीसी स्वस्त, कारण खेळ फुकटाच्या भावात. हे इथपर्यंत सोपं होतं. अगदी काळी मुंगी आणि लाल मुंगी.

मग त्यांच्या मनात आलं, की डरावकरांकडे पाच वर्षं आहेत का?

कन्सोल घ्यावा, तर डरावकर पुढच्या पावसात वर येणार नाहीत असं आपणच धरून चाललो, असं होईल. मित्राबद्दल असा हिशेब बरा नव्हे. पीसी घ्यावा, तर ते पाच वर्षं येत राहतील असं मानल्यासारखं होईल. हे चांगलं आहे. पण भाग निवडून, जोडून, काजवे चिकटवून होईपर्यंत ते आज थांबतील का? आणि आपण चुकीचं निवडलं म्हणून ते वर आले नाहीत तर? शास्त्रात असं काही सांगितलेलं नाही. पण शास्त्राने नाही असंही कुठे म्हटलंय?

सर गुंडाळले. चांगले घट्ट गुंडाळले. त्या गुंडाळीत त्यांना फार बरं वाटत असे. तिथे एकच वस्तू होती, ते स्वतः.

इतक्यात लांबून आवाज आला.

"सऽऽर! हनुवटीला लागला हो चिखल! काहीही आणा! खेळायचं राहू दे, नुसते या तरी!"

सर दचकले. पण चेंडू दचकला तर काय होतं? घरंगळतो. टेकाडावरून सर जे सुटले, ते दोन झुडपं आणि एका सशाचं अंगण पार करून ओढ्याकाठच्या दुकानात शिरले आणि गल्ल्यावर जाऊन आदळले.

दुकान नांगेशेठचं. नांगेशेठ म्हणजे खेकडा.

"या सर! काय देऊ?"

"कन्सोल चांगला की पीसी?"

नांगेशेठ डावीकडे सरकले. "कन्सोल चांगला." मग उजवीकडे सरकले. "पीसी चांगला."

"अहो, एक काय ते सरळ सांगा!"

"सर, मी खेकडा आहे. सरळ जायला लागलो तर घरचे वैद्य बोलावतील."

सरांचे खवले वळायला लागले. डोकं पोटाकडे निघालं. शेपूट वर आली. आता चेंडू होणार, तोच त्यांच्या तोंडातून कुणाचातरी आवाज आला.

"दोन्ही द्या!"

सरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग तो आवाज त्यांचाच असणार.

जन्मभर साठवलेले चिंचोके गेले. नांगेशेठनी दोन पडदेही गळ्यात मारले. सरांनी कन्सोल पाठीवर घेतला, दुकानात जोडून ठेवलेला पीसी शेपटीवर घेतला, पडदे दोन काखांत मारले आणि ते पळत सुटले. खवले मांजर पळताना कुणी पाहिलेलं नव्हतं. फार पाहण्यासारखं ते नव्हतंही.

डबक्यात आता फक्त दोन डोळे आणि एक तोंड शिल्लक होतं.

"आलात!" तोंड म्हणालं.

सरांनी दोन्ही यंत्रं लावली. नख्यांनी दोन्ही बटणं दाबली. कन्सोलच्या पडद्यावर अक्षरं आली, 'अपडेट होत आहे. कृपया बंद करू नका. एक टक्का.'

पीसीच्या पडद्यावरही अक्षरं आली, 'अपडेट होत आहे. कृपया बंद करू नका. एक टक्का.'

सरांचे डोळे भरून आले. "डरावकर, मला क्षमा करा. मी आधीच..." आणि ते वळायला लागले.

"गुंडाळू नका, गुंडाळू नका!" डरावकर ओरडले. "पीसी दोनवर गेला!"

"हो का?" सरांनी मान वर काढली. "कन्सोलही दोनवर गेला. तीनवर गेला!"

"पीसी माझा," डरावकर म्हणाले. "कन्सोल तुमचा. बोला, मंजूर?"

"पण डरावकर, आधी दोन्हींची तुलना..."

"चारवर गेला!"

"मंजूर!" सर ओरडले.

आणि मुलांनो, शर्यत सुरू झाली. कन्सोल वीसवर गेला. पीसी अकरावर अडला. "बसला! चिखलात बसला!" सर टाळ्या पिटू लागले. "अहो, दम खातोय तो!" डरावकर म्हणाले आणि खरंच पीसी एकदम तीसवर गेला. मग कन्सोल सदतीसवर येऊन ठप्प झाला.

"ढकला की त्याला!" डरावकर म्हणाले.

"कसा ढकलू? शर्यतीचे नियम काय आहेत?"

"बंद करू नका एवढंच लिहिलंय. ढकलू नका असं कुठे लिहिलंय?"

सरांनी कन्सोलला कोपरखळी दिली. तो अडतीसवर गेला. सर नाचले.

"रडीचा डाव!" डरावकर ओरडले. "कन्सोल म्हणजे बंद डोक्याचा खोका!"

"आणि पीसी म्हणजे नुसते दिवे!" सर म्हणाले. "कन्सोल चांगला! शंभर वेळा चांगला! मी लेखी द्यायला तयार आहे!"

असं वाक्य सरांनी उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. लाल मुंगीबद्दलही नव्हतं आणि काळ्या मुंगीबद्दल तर नव्हतंच. त्यांना जरा गरगरलं. पण बरंही वाटलं.

"सर," डरावकर म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. "याच्यासारखा खेळ मी कधी खेळलो नाही. कोण पुढे आहे?"

"तुमचा पीसी. एका टक्क्याने."

"मला माहीतच होतं," डरावकर म्हणाले. तोंड मिटलं. मग एक डोळा मिटला. दुसरा थोडा वेळ पीसीकडे बघत राहिला. मग तोही मिटला. चिखलावर एक बुडबुडा आला आणि फुटला.

सर एकटेच बसले. ऊन कलत आलं. चिखलावर कोरडी साय धरली.

दोन्ही पडद्यांवर नव्व्याण्णव आलं.

सरांनी एकदा चिखलाकडे पाहिलं. एकदा पडद्यांकडे पाहिलं. 'कृपया बंद करू नका' हे त्यांनी दोनदा वाचलं. सूचना स्पष्ट होती आणि सरांनी आजवर एकही स्पष्ट सूचना मोडलेली नव्हती.

मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि दोन्ही यंत्रं एकदम बंद केली.

डरावकर झोपले असताना निकाल लागणं बरोबर नव्हतं.

तात्पर्य : कन्सोल घ्यावा की पीसी, याचा फार विचार करू नये. दोन्ही घ्यावेत आणि एकही सुरू होऊ देऊ नये. मैत्री विकत मिळत नाही असं जे म्हणतात, त्यांनी एकच घेतलेला असतो.