कुमुदताई आणि दोनशे वर्षांचा पोरगा

आमच्या शेजारच्या कुमुदताई सबनीस माणसाचं नाव नंतर विचारतात, रक्तगट आधी. तीस वर्षं त्यांनी चंदीगडच्या एका इस्पितळाच्या ब्लड बँकेत काढली. निवृत्त होऊन जमाना झाला, पण सवय जात नाही. कोपऱ्यावरचा फळवाला त्यांच्या लेखी 'ओ पॉझिटिव्ह'. त्याची पपई कच्ची निघाली तरी माफ, कारण तरुणपणी बोलावलं की तो हातातलं काम टाकून रक्त द्यायला यायचा. आमचे हे एबी निगेटिव्ह. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवलेल्या या माणसाचं कौतुक सरकारनं कधी केलं नाही, ते कुमुदताईंनी केलं. "जपा त्यांना, वहिनी. असा माणूस पटकन मिळत नाही." मी बी पॉझिटिव्ह. माझ्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलंय की माझ्यासारखे पंजाबात ढिगानं सापडतात.

गेल्या हिवाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. दिवसातून सहा वेळा थेंब, आणि नवा चष्मा येईपर्यंत वाचन बंद. बाहेर जानेवारीचं धुकं, आठ-आठ दिवस सूर्य नाही, आणि आमच्या ह्यांचं बोलणं म्हणजे गीझर चालू केला का आणि गीझर बंद केला का. जीव विटून गेला होता. मोहालीला राहणारी माझी नात ईरा एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आमच्याकडे विसरून गेली होती. रक्त पिणारा एक देखणा व्हँपायर आणि त्याच्यावर भाळलेली एक साधी मुलगी. तिच्या कॉलेजातल्या सगळ्या पोरींनी म्हणे ती वाचली होती. कुमुदताईंनी मागचा मजकूर पाहिला आणि म्हणाल्या, "रक्ताचा विषय आहे. मी वाचून दाखवते."

तेव्हापासून रोज चार वाजता त्या यायच्या. अंगावर दोन स्वेटर, त्यावर शाल, पायात मोजे. डोळ्यांनी इंग्रजी वाचायच्या आणि तोंडानं सरळ मराठीत सांगायच्या. गोष्ट चार ओळी पुढे गेली की तपासणी सुरू.

नायकाचं वय दोनशे वर्षं आणि तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, हे वाचून त्यांनी पुस्तक मांडीवर आपटलं. दोनशे वर्षांत माणूस निदान लॅब टेक्निशियन तरी झाला असता. तो क्रॉसमॅच न करता कुणाचंही रक्त पितो, म्हणजे तिसऱ्या पानावरच मरायला हवा होता. त्याचा हात बर्फासारखा थंड आहे यावर नायिका दीड पान उसासे टाकते, तेव्हा त्या म्हणाल्या की हिमोग्लोबिन सहा असेल, दुसरं काय. आणि तो रात्रभर तिच्या खिडकीखाली उभा राहतो, हे तर सोसायटीच्या वॉचमनला कळवायलाच हवं.

मी मात्र त्या खिडकीपाशी जरा अडखळले. एकोणिसाव्या वर्षी मीही साताऱ्याला अशाच एकावर जीव टाकून बसले होते. समोरच्या दुकानाच्या पायरीवर तासन्‌तास उभा राहायचा, फिकट, अबोल, नजर आमच्या खिडकीकडे. मी रोज वेणी बदलायची, पावडर लावायची, दुपारी पाचदा पडदा सारखा करायची. काय अक्कल होती. पुढे कळलं की तो आमच्या रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला यायचा, आणि फिकट होता तो जंतांमुळे. हे ऐकून कुमुदताईंनी गंभीरपणे विचारलं, "मग औषध दिलं का कुणी त्याला?"

एव्हाना गोष्ट अशा जागी आली होती की मीसुद्धा चारची वाट पाहू लागले. नायिकेला कळलं की तो कायम एकोणीसचाच राहणार आणि आपण म्हातारे होणार. ती त्याला विनवते, मलाही तुझ्यासारखी कर. आता ती त्याच्यासारखी होणार, की एकटीच म्हातारी होणार? मी रोज विचारायची, कुमुदताई रोज म्हणायच्या, थांबा, यायचंय अजून.

आणि इथून त्यांची तपासणी बंद झाली. त्या सावकाश वाचू लागल्या, मध्येच थांबून. त्या दोघांचं लग्न झालं. त्याच्या कानशिलावर एक पांढरा केस दिसला. नायिका रडली, पण आनंदानं. मग त्याचे गुडघे धरू लागले, ती तेल चोळून द्यायची. मग त्याला चष्मा लागला. दोघं शाली पांघरून तळ्याकाठी फिरायला जायचे आणि तो तिच्यापेक्षा हळू चालायचा. मला वाटलं, हल्लीच्या लेखिका बऱ्या लिहितात.

रविवारी ईरा आली. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. मी तिला नायकाच्या चष्म्याचं सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, वो बूढ़ा होता ही नहीं. यही तो पूरी स्टोरी है. एंड में वो भी उसके जैसी बन जाती है."

सोमवारी कुमुदताई आल्या. मला खोडी काढल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "ताई, तो चष्मा कितव्या पानावर आहे, बोट ठेवून दाखवा बघू."

त्यांनी पुस्तक मिटलं. बराच वेळ शालीची दशी ओढत बसल्या.

त्यांचे यजमान हवाई दलात होते आणि एकतिसाव्या वर्षी गेले, एवढं मला ठाऊक होतं. मूलबाळ नाही. चाळीस वर्षांच्या शेजारात त्यांनी याहून जास्त काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

"हॉलमध्ये यांचा फोटो आहे ना, युनिफॉर्ममधला," त्या म्हणाल्या. "पूर्वी लोक विचारायचे, मिस्टर का? मग विचारायला लागले, भाई हैं? परवा पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला माणूस आला होता. म्हणाला, आंटीजी, बेटा एअरफोर्स में है?"

"मग?"

"हो म्हटलं. त्यानं विचारलं, पोस्टिंग कुठे. म्हटलं, दूर आहे." त्यांनी नाक पुसलं. "अजून दहा वर्षं जगले तर नातू होईल माझा. आणि पुस्तकातल्या या पोरीला वाटतंय, तो एकोणीसचाच राहतो म्हणजे काय भाग्य."

आतून ह्यांनी गीझर बंद केला का विचारलं, मी हो म्हणून ओरडले. मग पुस्तक उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, "वाचा. चष्मा लागला, इथवर आलो होतो."

पानं उलटल्याचा आवाज आला. त्या घसा खाकरून म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा एक सुळा हलायला लागला."