पाखरीचा कळप

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या स्पर्धेतले चौदाही अडथळे एका कुत्रीने हाकून मैदानाच्या मधोमध आणले. मी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा साहित्यप्रमुख. अडथळे माझ्या ताब्यात होते, म्हणून काय घडलं ते मलाच सांगायला हवं.

स्पर्धा मेंढपाळ जातीच्या कुत्र्यांच्या चपळाईची होती. माण तालुक्यातल्या एका सपाट माळावर आम्ही ती दर हिवाळ्यात शनिवार-रविवार भरवतो. कुत्र्याने एकापासून चौदापर्यंत अडथळे क्रमाने पार करायचे, दांडी पाडायची नाही आणि वेळ पंचावन्न सेकंदांच्या आत ठेवायची. अडथळ्यांत उडी मारायच्या नऊ लाकडी चौकटी, कापडाचे दोन बोगदे, एक सी-सॉ, दोन्हीकडून उतरता असलेला एक फळ्यांचा चढ आणि लोखंडी पट्टीवर बसवलेली बारा खांबांची एक रांग. पुणे-कोल्हापूरहून लोक गाड्यांतून कुत्री आणतात. ठकूबाई गोरड चालत आल्या होत्या. त्यांची वस्ती तिथून चार किलोमीटरवर होती, आणि गुडघ्यांमुळे ते अंतर काटायला त्यांना पहाटेपासून साडेदहा वाजले होते.

नोंदणीच्या टेबलापाशी त्यांनी माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘कुत्रीला आजार नाही. काम नाही.’

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"मेंढरं दिली पुतण्याला," ठकूबाई म्हणाल्या. "माजं गुडघं चालंनात. त्यो घिऊन गेला कोकणच्या अंगाला. हिला बी नेली हुती. दोन मुक्काम गेली आन् माघारी आली माज्याकडं. तवापासनं भाकरीला तोंड लावत न्हाई. बावीस दिस झालं."

कुत्री त्यांच्या काठीजवळ बसली होती. काळी, एक कान पांढरा, बरगड्या मोजता येतील अशी. नाव पाखरी. जातीच्या रकान्यात काय लिहू असं विचारल्यावर ठकूबाईंनी थोडा विचार केला आणि ‘धनगराची’ असं सांगितलं. मी तसं लिहिलं.

पाखरीचा क्रमांक लागला तेव्हा शिट्टी झाली, घड्याळ सुरू झालं आणि ती पळाली नाही. पोट जमिनीला लावून ती पहिल्या चौकटीकडे बघत राहिली. लोक थोडे हसले. मग ठकूबाईंनी जीभ टाळ्याला लावून ‘ट्रर्र’ असा बारीक आवाज काढला, पाखरी डाव्या अंगाने मोठा वळसा घालून मैदानाच्या टोकाला गेली, आणि पहिली चौकट थरथरली. चौकटीने एक पाय उचलला, टेकला, मग दुसरा. पुढच्या क्षणी ती चालत होती. तिच्यामागे दुसरी निघाली, तिसरी निघाली. बोगदे सुरवंटासारखे अंग आखडत सरकू लागले. सी-सॉ जडपणाने, एकदा हे टोक आणि एकदा ते टोक टेकवत आलं. बारा खांबांची रांग वाट चुकून प्रेक्षकांकडे जायला लागली, तेव्हा पाखरीने नुसती मान खाली करून तिच्याकडे पाहिलं आणि ती मुकाट्याने वळली.

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी पायांतले बूट काढून बाजूला ठेवले आणि ते उभे राहिले. मग बाकीचेही उभे राहिले. गाड्यांत बांधलेली इतर कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती.

पंच देवस्थळी बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी घड्याळ थांबवलं, मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेल्या आणि गोळा झालेल्या अडथळ्यांकडे आणि मग ठकूबाईंकडे पाहिलं.

"गोरडबाई, अडथळे गोळा करायचे नाहीत. एक ते चौदा क्रमाने पार करायचे आहेत."

"म्हंजी एकेक मोजून सोडायचं," ठकूबाई म्हणाल्या.

"तसं म्हणा. पहिला प्रयत्न मी धरत नाही. घड्याळ परत लावते."

पाखरी मध्यभागी बसून राहिली आणि अडथळे एकेक करून तिच्याकडे आले. पहिली चौकट दोन पावलं मागे सरली, धावत आली आणि पाखरीवरून उडी मारून पलीकडे गेली. तिची दांडी पडली नाही. बोगद्याने पाखरीला एका तोंडातून घेतलं आणि दुसऱ्यातून अलगद बाहेर ठेवलं. खांब एक डावीकडून, एक उजवीकडून असे तिला चाटून गेले. फळ्यांचा चढ सगळ्यांत उंच, साडेपाच फुटांचा. तो तिच्यावरून जाताना मैदानावर एवढी शांतता होती की त्याच्या बिजागऱ्यांचा आवाज मला पंचवीस पावलांवर ऐकू आला. त्याने तिच्या पांढऱ्या कानालाही धक्का लावला नाही. चौदावा अडथळा पार झाला तेव्हा घड्याळात अडतीस सेकंद झाले होते.

कोल्हापूरच्या समीरण घाटग्यांनी हरकत घेतली. त्यांचा मार्शल नावाचा कुत्रा सलग दोन वर्षं पहिला आला होता आणि हरकत घेणं त्यांचा हक्क होता.

"कुत्रीने अडथळे पार केलेले नाहीत. अडथळ्यांनी कुत्रीला पार केलं आहे."

देवस्थळी बाईंनी नियमांचं पुस्तक उघडून बोट ठेवलं. "कुत्रा आणि अडथळा एकमेकांच्या पलीकडे गेले पाहिजेत, इतकंच आहे. जागा कोणी सोडायची ते लिहिलेलं नाही."

"पण अडथळे जागेवरून हलले."

"तो आयोजकांचा दोष. साहित्य पक्कं बसवणं साहित्यप्रमुखाकडे असतं." त्या माझ्याकडे वळल्या. "सोहनी, तुम्हाला लेखी ताकीद मिळेल."

मी बरं म्हटलं. ताकीद रास्त होती.

ठकूबाईंनी सांगितल्यावर पाखरीने अडथळे परत जागच्या जागी नेऊन उभे केले आणि मग मार्शलचा क्रमांक पुकारला गेला. तो सुटला, पहिल्या चौकटीपाशी पोचला आणि चौकट बाजूला झाली. दुसरीही झाली. तिसरी तर त्याला पाहून सी-सॉच्या आड गेली. घाटग्यांनी शिट्टी वाजवून त्याला थांबवलं. मग ते पट्टा हातात गुंडाळत ठकूबाईंकडे आले.

"मावशी, यांना सांगता का काही?"

"त्यांची वळख न्हाई," ठकूबाई म्हणाल्या. "नवं कुत्रं बगून बुजत्यात. हळू घिऊन या. एकेकाला हुंगू द्या."

घाटग्यांनी मार्शलला प्रत्येक अडथळ्यापाशी नेलं. ते गुडघ्यांवर बसत, मार्शल चौकटीला नाक लावी, चौकट थोडी हले आणि मग स्थिर होई. या कामाला पाऊण तास लागला. त्यानंतर मार्शल धावला तेव्हा चौकटी जागेवर उभ्या राहिल्या आणि त्याने एकेचाळीस सेकंद घेतले. परत येताना घाटगे माझ्याजवळ थांबले.

"सोहनीसाहेब, पाच वर्षं मी याला या चौकटींवरून उड्या मारायला लावतोय," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा त्यांना हात लावून पाहिला. कोमट आहेत."

मीही जाऊन हात लावला. होत्या.

दुपारी ठकूबाई कुणाच्यातरी गाडीच्या सावलीत बसल्या, फडक्यातली भाकरी दुधात कुस्करली आणि थाळी पुढे सरकवली. पाखरीने आधी अडथळ्यांवर एक नजर फिरवली. मग तिने खाल्लं, थाळी पुसून टाकली आणि पुन्हा ठकूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. ठकूबाईंनी दुसरी भाकरी कुस्करायला घेतली.

रविवारी अंतिम फेरी झाली. पाखरी छत्तीस सेकंदांत पहिली आली आणि त्याबद्दल कोणाची हरकत नव्हती. देवस्थळी बाईंनी ठकूबाईंना चषक दिला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि टेबलावर परत ठेवला. तीन वाजता साहित्याचा टेम्पो आला. सोमवारी सकाळी अडथळे मंडळाच्या गोदामात जमा व्हायचे होते. टेम्पोचं फळकट खाली पडल्याचा आवाज झाला तशी पाखरी उठली. चौदाही अडथळे एकमेकांना चिकटून उभे राहिले.

ठकूबाई माझ्याकडे आल्या.

"सायेब, एक करा. मी आदी हिला घिऊन जाती. तिकडं वढ्याच्या पल्याड गेलो म्हंजी मग भरा गाडीत. हिला दिसाया नगं."

"नंतर ती खाईल का?" मी विचारलं.

त्यांनी पदराने पाखरीच्या तोंडावरची धूळ पुसली. "ते आता मी कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "पुतण्यानं मेंढरं नेली तवा ती माज्यासाटी माघारी आली. मी तिला म्हनलं न्हवतं ये म्हून. ही तिनं क्येलेली गोष्ट हाय, आन् मला ती फेडता येत न्हाई."

मी देवस्थळी बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा काढून काचा पुसत होत्या.

"साहित्य तुमच्या ताब्यात आहे," त्या म्हणाल्या. "माझा अधिकार मैदानाच्या दोरीपर्यंत."

साहित्य मैदानाबाहेर द्यायचं असेल तर एक फॉर्म असतो. दुरुस्तीसाठी, रंगकामासाठी, दुसऱ्या स्पर्धेसाठी अशी कारणं त्यात छापलेली आहेत आणि शेवटी ‘इतर’ म्हणून एक रेघ मोकळी सोडलेली आहे. मी त्या रेघेवर ‘चराईसाठी’ असं लिहिलं, मुदतीच्या जागी ‘पुढील सूचनेपर्यंत’ लिहिलं आणि खाली सही केली. साक्षीदार लागतो. घाटग्यांनी न विचारता पेन घेतलं.

टेम्पोवाल्याला मी रिकामाच परत जायला सांगितलं आणि मैदानाची दोरी सोडली.

ते निघाले तेव्हा ठकूबाई काठी टेकत पुढे होत्या. त्यांच्यामागे नऊ चौकटी, मग खांबांची रांग, मग सी-सॉ, मग तो उंच चढ, सगळ्यांत मागे दोन बोगदे. पाखरी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. घाईने नाही. ठकूबाईंच्या गुडघ्यांना जमेल तेवढाच वेग तिने सगळ्यांना धरायला लावला होता. डांबरी रस्ता लागला तिथे दोन्हीकडची वाहनं थांबली. एसटीच्या चालकाने इंजिन बंद केलं, खाली उतरून टोपी काढली आणि कळप ओलांडून जाईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. उतरतं ऊन चौकटींमधून जात होतं आणि रस्त्यावर चालत्या दारांच्या सावल्या पडत होत्या. आम्ही शे-दीडशे माणसं माळावर उभी होतो. कळप ओढ्यात उतरून दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ कोणी आपल्या गाडीकडे गेलं नाही.

मंडळाने माझ्याकडे खुलासा मागितला, तो मी दिला. दर तिमाहीला जाऊन साहित्याची पाहणी करावी, असं ठरलं. पहिल्या पाहणीसाठी मी मार्चमध्ये वस्तीवर गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. पाखरी अंगाने भरली होती आणि तिने मला लांबूनच ओळखलं. अडथळे वस्तीमागच्या उतारावर पांगलेले होते. त्यांचा रंग थोडा उडाला होता, पण सगळे धडधाकट होते. मी मोजायला सुरुवात केली आणि चारदा मोजूनही पंधरा भरले.

"परवा दिशी झालं," ठकूबाई म्हणाल्या.

सहाव्या चौकटीच्या आडोशाला ते उभं होतं. वीतभर उंच, अजून न रंगवलेलं, कोवळ्या लाकडाचं. पाय लटपटत होते आणि दांडी बोटाएवढी होती. पाखरी त्याच्यासमोर जमिनीला सपाट होऊन पडली होती, पुढचे पंजे पसरून, हनुवटी मातीत टेकवून, जितकं खाली होता येईल तितकं. ते दोन पावलं मागे सरलं, पुढे आलं आणि तिच्या पंजाशी थबकलं. इतर चौकटी चरायच्या थांबून बघत होत्या.

माझ्या हातातला फॉर्म वाऱ्याने फडफडला. ठकूबाईंनी माझी बाही धरली.

"सायेब, जरा हिकडं सरा," त्या हळूच म्हणाल्या. "तुमची सावली पडतीया त्येच्यावर. बुजतंय ते."

मी बाजूला सरलो.