बोटाला जागा

आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा कुणाच्याही घरी गेले की चहापाण्याच्या आधी त्या घरातल्या दोन स्विचांच्या मध्ये बोट ठेवून पाहतात. डाव्या हाताची तर्जनी, आडवी. उजवा हात कायम पँटच्या खिशात. बोट बसलं तर मान डोलावतात, नाही बसलं तर घरमालकाकडे अशा नजरेनं बघतात की त्याला वाटावं, आपल्या हातून काहीतरी पाप घडलंय. आम्ही पुण्याहून इकडे कानडी मुलखात, यशवंतपूरला राहायला आलो त्याच दिवशी ते खाली आले, हॉलमधल्या बोर्डावर बोट ठेवलं, मग थेट स्वयंपाकघरात जाऊन शेगडीच्या दोन बटणांमध्ये ठेवलं आणि माझ्या बायकोला, मुग्धाला, म्हणाले, "बोटाला जागाच नाही की गं बाळ. स्वयंपाक कसा करालीस?" मुग्धाला वाटलं, हे गॅस कंपनीचे. तिनं त्यांना आमचा ग्राहक क्रमांक सांगितला. त्यांनीही तो शांतपणे ऐकून घेतला.

परशुराम येळ्ळूरकर हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे बेळगावकडचे. चाळीस वर्षं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी विजेची पॅनेलं बनवली. कारखान्यात दारामागे जी उंच लोखंडी कपाटं असतात, दिवे, स्विच आणि मीटर लावलेली, ती. त्या पत्र्याला भोकं पाडायचं काम अण्णांचं. "खुणेवर आधी पंच मारून खड्डा करायची गरज नव्हती बघ," ते सांगायचे. "ड्रिल टेकवलं की भोक जागेवर. साहेब मोजून बघायचा आणि लाजायचा." हा साहेब दर वेळी लाजायचा. मी ही गोष्ट निदान वीस वेळा ऐकली असेल, आणि साहेब एकदाही लाजायचा चुकला नाही.

आता माझ्या आजाराबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला सिंथेसायझरचा नाद आहे. पेटीसारखा एकसंध नव्हे, सुट्या भागांचा. एक भाग आवाज काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याला झोके देतो, आणि हे सगळे भाग वायरींनी एकमेकांना जोडून आपण नॉब पिळत बसायचं. हे भाग किटच्या रूपात मिळतात, घरी सोल्डर करून बनवायचे. माझ्याकडे अशी सहा किटं होती. बनवलेली एकही नव्हती. आयटीत काम करणाऱ्या माणसाच्या घरी व्यायामाची सायकल असते ना, कपडे वाळत घालायला, त्याच जातीचा हा प्रकार.

एके दिवशी मी धाडस करून एक खोकं उघडलं आणि नेमके अण्णा आले. त्यांनी ते वीतभर उंचीचं, दोन बोटं रुंदीचं पॅनेल उचललं. त्यावर आठ नॉब बसणार होते. अण्णांनी तर्जनी ठेवली. तीन भोकं एकदम झाकली गेली.

"हे कुणी वाजवायचं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तू? मला वाटलं मुंगी."

मी त्यांना समजावलं की जगभर हेच माप चालतं, ते बसवायची माझी चौकटही त्याच मापाची आहे, भाग छोटे म्हणून तर थोड्या जागेत जास्त मावतात. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक, "हे मी मोठ्या पॅनेलवर घेतो. दुप्पट उंच. बोटाला जागा पाहिजे." आणि खोकं काखोटीला मारून वर निघून गेले. मी, कोथरूडमध्ये वाढलेला माणूस, जो भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या एका काडीवरून वाद घालतो, तो दारात नुसता उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी खोकं परत मागायला वर गेलो तेव्हा कारण कळलं. अण्णांच्या बायकोला सगळी बिल्डिंग अक्का म्हणते. अक्का भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवत होत्या. हल्ली बोटं आखडतात म्हणून त्यांनी पेटी कपाटाजवळ सारून ठेवली होती आणि मंडळ टाळ्यांवर भागवत होतं. "पेटीच्या पट्ट्यांवर बोटं पळवावी लागतात," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "हे तुझं पिळायचं काम. मोठा नॉब असला की मूठभर धरून पिळता येतंय. तुझ्या अक्कानं परत मंडळात वाजवलं पाहिजे. मग मी सुटलो." आत अक्का पोहे परतत होत्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

आणखी तीन किटं मी स्वतःच वर नेऊन दिली.

माझा समज असा होता की अण्णा बनवतील आणि मी बघेन. झालं उलट. ह्या किटांत नॉब सर्किटच्या पाटीवरच चिकटवलेले असतात, ठरलेल्या अंतरावर. पॅनेल मोठं केलं की प्रत्येक नॉब पाटीवरून सुटा करून त्याला तीन-तीन वायरी जोडून लांब न्यावा लागतो. म्हणजे आठ नॉबांच्या चोवीस वायरी, दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग. हे सगळं मी करायचं आणि अण्णांनी खुर्चीवर बसून, उजवा हात खिशात घालून, डाव्या हातानं दाखवायचं. "तू कर. शिकायला पाहिजे." चहा आला की म्हणायचे, "मला अर्धाच." भोकं पाडायलाही ते पीण्याला आपल्या दोस्ताकडे, शंकरप्पांच्या वर्कशॉपमध्ये जायचे. "आपल्या घरचं ड्रिल गरम होतंय," हे कारण. मुग्धाला मी त्या काळात रोज सांगायचो की हा माणूस पक्का आळशी आहे. चाळीस वर्षं दुसऱ्याकडून काम करून घेतलं असणार आणि भोकं पाडली म्हणून सांगत फिरतोय.

पहिलं पॅनेल बनलं ते आठ सुरांचं. प्रत्येक नॉबवर एक सूर लावायचा आणि ते आठही सूर ओळीनं वाजत राहतात. सुरू केलं तर पहिला सूर उजव्या टोकाला आणि आठवा डावीकडे. मी माझ्या चोवीस वायरी तपासल्या, बरोबर होत्या. मग उलगडा झाला. विजेचं पॅनेल बनवणारा माणूस कायम मागच्या, वायरिंगच्या बाजूनं विचार करतो. अण्णांनी आयुष्यभराच्या सवयीनं आराखडा पाठीमागून काढला होता आणि शंकरप्पांनी तो पुढून छापला.

"अण्णा, हे उलटं झालं."

त्यांनी डोकं एकदा डावीकडे कलतं केलं, एकदा उजवीकडे. "आवाज कानात जातोय ना? कान दोन्ही बाजूला आहेत की." ते पॅनेल तसंच राहिलं.

नावंही त्यांनीच घातली, इंग्रजी खोडून. गाळायच्या भागावर कोरलं "गाळणी", झोके देणाऱ्यावर "झोका", सगळे आवाज एकत्र करणाऱ्यावर "मिसळ". आवाज बारीक-मोठा करायच्या नॉबवर "स्वल्प". मी म्हटलं, 'थोडं'ला स्वल्प कानडीत म्हणतात. ते म्हणाले, "मग? आवाजाला काय जात आहे?" त्यांचं मराठी असंच, मध्येच कानडीच्या गल्लीत शिरतं आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर येतं. माझं कानडी म्हणजे रिक्षावाल्याला "स्वल्प पुढे" सांगण्याइतकं. तो तरीही मागे नेतो.

पॅनेलं पीण्याहून मेट्रोनं यायची. एकदा तपासणीवाल्यानं अडवलं. एवढा मोठा पत्रा, एवढी भोकं, वर कोरलेली अक्षरं. त्यानं विचारलं, "एनु इदु?" हे काय आहे? अण्णा म्हणाले, "हाडुत्ते." गातं. तो म्हणाला, मग गाऊन दाखव. तिथं वीज कुठली? अण्णांनी पॅनेल छातीशी धरलं आणि रांगेत उभं राहून स्वतःच भजनाचं एक कडवं म्हटलं, चढ्या आवाजात. त्या दिवसापासून तो तपासणीवाला त्यांना बघितलं की नमस्कार करतो.

ते पीण्याला गेले की दुपारी वरून पेटी ऐकू यायची. मी घरून काम करतो, मीटिंगमध्ये तोंड मिटून बसायचं असतं, त्यामुळे कान रिकामे. मला वाटायचं, अक्कांचा रेडिओ. बिचाऱ्या ऐकून तरी समाधान मानतात.

एका दुपारी त्यांचं कुरियर माझ्याकडे आलं म्हणून द्यायला वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अक्का जमिनीवर मांडी घालून पेटी वाजवत होत्या. बोटं पट्ट्यांवरून अशी पळत होती की माझी कीबोर्डवर कधी पळाली नाहीत. मला बघून त्या थांबल्या, पण घाबरल्या वगैरे मुळीच नाहीत.

"बस की. उभा का राहिलास?"

"अक्का, तुमची बोटं..."

"बोटांना काय धाड भरलीय? थंडीत जरा आखडली होती. झाली बरी."

"मग अण्णा एवढं सगळं..."

त्यांनी पेटीचा भाता लावला. "ह्यांचा उजवा हात थरथरतोय. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. मला सांगितलं नाही त्यांनी. चिठ्ठी शर्टाच्या खिशातून धुवायला आली, तेव्हा कळलं. नोकरी सोडून घरी आले ते आठ-आठ दिवस गॅलरीत बसून. बोलायचं नाही, जेवायचं नाही. ज्या हाताचं पीण्यात सगळ्यांनी कौतुक केलं, तो हात भातात धड जाईना. त्यातच माझं बोट आखडलं आणि तुझं ते खोकं आलं. उठले बघ. मोजपट्टी शोधायला लागले. आता त्यांना बोट बरं झालं म्हणून सांगू काय? परत जाऊन गॅलरीत बसतील."

खिशातला हात, अर्धा चहा, गरम होणारं ड्रिल, सगळं एकेक करून माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. ह्या माणसाला मी रोज जेवताना आळशी म्हणत होतो. मला माझी इतकी लाज वाटली की कुरियर तसंच हातात घेऊन मी परत खाली आलो आणि पुन्हा वर जाऊन द्यावं लागलं.

"कुणी विचारलं तर रेडिओ म्हणायचं," अक्कांनी बजावलं.

त्यानंतर माझं काम दुहेरी झालं. यंत्र पूर्ण व्हायला हवं होतं, आणि अक्कांची बोटं मात्र आखडलेलीच राहायला हवी होती. मी इतकं मन लावून सोल्डरिंग करायला लागलो की अण्णांना संशय आला. "काय रे, नोकरी गेली काय तुझी?"

शेवटी एका शनिवारी संध्याकाळी पाचला अण्णांकडे भजनी मंडळ जमलं. सहा बायका जयनगरहून ट्रॅफिकला शिव्या घालत आल्या. मुग्धाही आली. टेबलावर चार मोठी पॅनेलं उभी, बोराएवढे नव्हे, चांगले लिंबाएवढे काळे नॉब. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी सगळ्या बायकांना एकेक करून नॉबांच्या मध्ये बोट ठेवून बघायला लावलं. एकीनं मनोभावे ठेवलं आणि नमस्कारही केला.

अक्का पुढे बसल्या. उजवीकडचा पहिला नॉब त्यांनी मूठभर धरला, मुद्दाम सावकाश, आखडल्यासारखा, आणि सा लावायला लागल्या. सूर वर चढत होता, आता लागेल, इतक्यात नॉब निघून त्यांच्या हातात आला. त्याच्या कुशीतला बारका स्क्रू मी आवळायचा विसरलो होतो.

मी उठेपर्यंत अण्णांनी शर्टाच्या खिशातून ॲलन की, स्क्रूची किल्ली, काढली होती. काडीएवढी असते ती. आणि सवयीनं उजवा हात बाहेर आला. किल्ली त्या बारक्या भोकापाशी गेली आणि नॉबवर वाजायला लागली. टक टक टक टक. भोक सापडेना. अण्णांचा चेहरा मला बघवेना. चाळीस वर्षं ज्यांचं ड्रिल खुणेवरून हललं नाही, ते सगळ्यांसमोर त्या एवढ्याशा भोकाभोवती फिरत होते.

अक्कांनी त्यांच्या हातातून किल्ली घेतली. न बघता भोकात बसवली, दोन बोटांनी गर्रकन दोन वेढे दिले. पेटीवर फिरावीत तशी बोटं फिरली. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं, आणि बोटं तिथंच थांबली.

अण्णा त्या बोटांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

"सरी," अण्णा म्हणाले. आणि नॉबकडे बोट करून, "स्वल्प अजून आवळ."

अक्कांनी आवळलं. मग अण्णांचा तो उजवा हात उचलून त्यांनी नॉबवर ठेवला, वरून आपला ठेवला, आणि दोघांनी मिळून सा लावला. सूर थोडा थरथरत होता. मंडळातली एक बाई म्हणाली, "कंप किती गोड आलाय हो यंत्राला," आणि बायकांनी भजन उचललं.

सोमवारी दुपारी बेल वाजली. दारात अण्णा. दोन्ही हात बाहेर.

"तुझी दोन किटं उरलीत ना? दे. अक्काची बोटं अजून आखडतात."

मी खोकी आणायला वळलो, तेवढ्यात वरून पेटी सुरू झाली. स्वच्छ, भरभर, मोठ्यानं. अण्णांनी वर बघितलं, मग माझ्याकडे.

"रेडिओ लागलाय," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "रोजच लागतो ह्या वेळेला."

"चांगलं वाजवालीय." त्यांनी खोकी काखेत घेतली आणि भजन संपेपर्यंत माझ्या दारातच उभे राहिले. मग जिना चढताना म्हणाले, "सोल्डरिंग तू कर."